बाहेर बसा

सावद्यात माझ्या खऱ्या नावानं विचारलंत तर दवाखाना सापडायचा नाही. 'बाहेर बसा बाई' कुठे बसतात असं विचारा, पानटपरीवाला हातातलं पान खाली न ठेवता मानेनं दाखवेल. हे नाव कुणी लाडानं ठेवलेलं नाही. पण आता मला त्याचं काही वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर ते मी कमावलेलं आहे.

आमच्याकडे पेशंट एकटा येतच नाही. एका बाईच्या पोटात दुखतं आणि तिच्यासोबत सासू, नवरा, जाऊ, झालंच तर बाजारला निघालेली शेजारीण, असे सगळे आत शिरतात. मी विचारते, "काय होतंय?" आणि सासू सांगते, "काही नाही हो, जेवत नाही नुसती." माझ्या डोक्यात तिडीक जाते. पोट कुणाचं, बोलतंय कोण! मग मी म्हणते, "पेशंट सोडून सगळे बाहेर बसा." सुरुवातीला लोक फार चिडायचे. एका सासऱ्यानं तर मला सुनावलं होतं, "आम्ही काय चोर आहोत का?" मी म्हटलं, "नाही, पण बाहेर बसा." बाहेर कडुनिंबाखाली लांब लाकडी बाक आहे. दार लागलं की आतली बाई बोलायला लागते, आणि दहातल्या आठ वेळा तिचं दुखणं पोटात नसतंच.

दारामागे जे बोललं जातं ते माझ्याबरोबर सरणावर जाईल, हा माझा नियम. कायदाही तेच सांगतो. कोर्टानं विचारलं, साथीचा रोग निघाला, किंवा कुणाच्या जिवाला खरंच धोका असला, तर गोष्ट वेगळी. एरवी पेशंटचं बोलणं हे पेशंटचं. मग आज मी हे कसं लिहितेय, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. यात ज्या दोघी आहेत त्या दोघींना विचारून लिहितेय, आणि ओळखू येईल असं बरंच काही बदललंय. एक जण हसून म्हणाली, "लिहा ना मॅडम." दुसरीनं "लिहा" एवढंच म्हटलं.

मी मूळची धुळ्याची. सरकारी नोकरीत या भागात आले, नोकरी सोडली, दवाखाना टाकला, दवाखान्यावरच दोन खोल्या बांधल्या आणि राहिले. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, अख्ख्या गावानं विचारून झालंय. भाऊ धुळ्यात आहे, दिवाळीला फोन करतो. संध्याकाळी दवाखाना बंद करून वर गेले की फ्रिजचा आवाज ऐकू येतो, आणि मी त्याला चालू दे म्हणते, कारण तो बंद झाला की काहीच ऐकू येत नाही.

या गावात माझं एक घर होतं. माझं म्हणजे मी जिथे न विचारता जाऊन बसावं असं. ते अक्काचं.

अक्का पहिल्यांदा आली ती तिच्या सासूबरोबर. सासूला दम लागत होता, मी सवयीप्रमाणे सुनेला बाहेर बसवलं. सासूला तपासून मी बाहेर औषध समजावून सांगायला आले, तेव्हा घाईत माझ्या तोंडून धुळ्याकडचा एक शब्द गेला. बाकावरची बाई उठून उभी राहिली. "तू धुयानी शेस का?" एवढ्या वर्षांत मला त्या गावात कुणी 'तू' म्हटलं नव्हतं. अक्काचं माहेर नरडाण्याजवळ. लग्न होऊन इकडे पूर्वेला केळीच्या बागेत आली आणि तिची अहिराणी सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झाली. इकडची बोली वेगळी. ती 'आहे'ऐवजी 'शे' म्हणाली की नणंदा हसायच्या. मग तिनं ती बोली गुंडाळून ठेवली होती, माझ्यासमोर ती पुन्हा काढली.

त्यानंतर दर रविवारी मी तिच्याकडे. तिचे मालक, ज्यांना सगळे नाना म्हणतात, जेवून बागेकडे निघून जायचे आणि आम्ही दोघी ओट्यावर बसून आमच्या भाषेत बोलत राहायचो. कशाबद्दल? कशाहीबद्दल. धुळ्याच्या उन्हाबद्दल, नरडाण्याच्या स्टेशनवर गाडी किती उभी राहायची त्याबद्दल, तिच्या एकुलत्या मुलाबद्दल. हिवाळ्यात शेतात भरीत व्हायचं. तुराट्या पेटवून त्यात मोठी हिरवी वांगी भाजायची, हात पोळत साल काढायचं, आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी. वीस-पंचवीस माणसं जेवायला असायची, पण पहिलं ताट अक्का माझ्यापुढे ठेवायची. "बस. जेव. तुले कोन करी देस तठे." तिकडे तुला कोण करून देतं, म्हणजे. खरंच कोणी देत नव्हतं.

एकच गोष्ट होती, तिच्यावरून आमचं दरवेळी वाजायचं. अक्काला मी कधी तपासलं नाही. तिला ताप आला की मी तिला बसस्टँडजवळच्या डॉक्टरांकडे पाठवायची, गुडघे दुखायला लागले तेव्हा जळगावला. तिला ते लागायचं. "गावले औषध देस, माले नही देस का?" मी म्हणायची, तू माझी मैत्रीण आहेस, पेशंट नाही. ज्या बाईबरोबर मी हसते, रुसते, जिच्या हातचं खाते, तिच्या अंगावर हात ठेवताना माझं डोकं थंड राहणार नाही. मला भीती वाटेल आणि भीती वाटली की मी चुकेन. एक तर मैत्रीण, नाहीतर पेशंट. ती म्हणायची, "भलतीच कडक बाई शेस तू." आणि परत चहा टाकायची.

आता आमच्याकडची चौकशी काय असते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

लग्न जमवताना पत्रिका बघतात, शेत बघतात, आणि मुलगी ज्या डॉक्टरकडे जाते त्या डॉक्टरला गाठतात. सरळ कोणी विचारत नाही. मुलाचा काका येतो, म्हणतो, "बीपी बघा जरा." बीपी अगदी ठणठणीत. मग बाही खाली ओढत हळूच, "त्या अमक्यांची मुलगी तुमच्याकडे येते म्हणे?" उन्हाळ्यात लग्नसराईच्या आधी माझ्याकडे असे ठणठणीत बीपीवाले एवढे येतात की हसू येतं. मी सगळ्यांना एकच वाक्य सांगते. "मी माझ्या पेशंटचं काही सांगत नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही."

चांगलंही नाही, हे लोकांना कळत नाही. अहो, मुलगी निरोगी आहे एवढं सांगायला काय जातं? तेच तर जातं. एकीबद्दल मी 'निरोगी आहे' म्हटलं, की दुसरीच्या वेळी मी गप्प राहिले हेच उत्तर झालं. म्हणून सगळ्यांना तेच वाक्य, हसत नाही, चेहरा पाडत नाही. माझ्या या तोंडाच्या कुलपावर पोरींची लग्नं सुखानं पार पडली आहेत, हे मी जरा अभिमानानंच सांगते.

माझ्याकडे एक मुलगी यायची. जामनेरकडची, पण मामाकडे राहून इथेच शिकलेली. शाळेत असताना तिला एकदा वर्गात फिट आली, नंतर आणखी एक-दोनदा. जळगावच्या मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पुढची देखरेख माझ्याकडे. गोळ्यांनी फिट थांबली ती थांबलीच. मुलगी हुशार, डोळ्यात डोळे घालून बोलणारी. कॉलेजात पहिली यायची, आणि तिची आई दरवेळी जामनेरकडून येऊन, तोंडावर पदर ओढून मागच्या दारानं आणायची, जणू काही चोरी केलीय. आपल्याकडे तो शब्द उच्चारला तरी घराला डाग लागतो. एके काळी कायद्यातही फिट येणाऱ्याचं लग्न मोडायची सोय होती. ती काढून टाकली. लोकांच्या मनातून कोण काढणार?

एका रविवारी अक्कानं ओट्यावर बसल्या बसल्या सांगितलं, "पोरगाले एक पोर पसंत शे." आणि तिनं जे घर सांगितलं ते त्या मुलीच्या मामाचं. माझा हात ताटातच राहिला. मी लगेच भाकरीचा तुकडा मोडला, पण अक्का काय, अक्काच ती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ती तुन्हाकडे येस ना?"

"गावन्या सगळ्याच येतस," मी म्हटलं.

"माले फक्त इतलंच सांग, पोर निरोगी शे का?"

मी तिला तेच वाक्य सांगितलं. चांगलंही नाही, वाईटही नाही. ती हसायला लागली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझा चेहरा बघून तिचं हसू उतरलं.

"ते गावले सांगस तू. माले? मी काय परकी शे का?"

तिथून मी उठून जायला हवं होतं, पण ताट अर्धं होतं आणि अर्ध्या ताटावरून उठलेलं तिला आवडत नसे. मी तिला समजावून सांगितलं, की अक्का, उद्या तुझी सून माझ्याकडे आली आणि तुझ्याबद्दल काही बोलली, तर ते मी तुला सांगितलेलं तुला चालेल, पण तिला? माझ्या दारामागे जी बसते ती गावातल्या कुणाचीही लेक असेल, मी तिच्याकडून आहे. तू माझी सगळ्यात जवळची आहेस म्हणून तुझ्यासाठी दार किलकिलं केलं, तर ते दारच राहत नाही. अक्का ऐकत होती, पण तिला एकच ऐकू जात होतं, की मी तिला नाही म्हणतेय. शेवटी ती म्हणाली, "बरं. म्हनजे निरोगीच व्हई. नही ते तू माले तोंडघशी पडू देती का?"

हो म्हटलं तरी सांगितल्यासारखं, नाही म्हटलं तरी सांगितल्यासारखं. मी पाणी प्यायले.

दोन दिवसांनी मुलगी आली, पहिल्यांदाच एकटी आणि पुढच्या दारानं. तिला माहीत होतं मी कुणाच्या घरी जेवते ते. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्यांना सांगितलं का?" ओठ पांढरे पडले होते तिचे. मी म्हटलं, "मी कुणालाच काही सांगत नाही. पण तू सांग. ज्याच्याबरोबर आयुष्य काढणार आहेस त्याला सांग. गोळ्या लपवून संसार होत नाही, आणि तुझ्या गोळ्या तर एक दिवसही चुकता कामा नये. पुढे मूल व्हायचं ठरवाल तेव्हा आधी डॉक्टरांना भेटावं लागेल. तुझं तू सांग, मी जबरदस्ती करणार नाही." तिनं पर्स उचलली. मग म्हणाली, "बघते." तिनं पुढे काय केलं ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही.

लग्न झालं. अक्कानं मला घरच्या बायकांबरोबर पुढे बसवलं, माझ्यासाठी जरीची साडी घेतली, आणि हळद लावताना नणंदांना डोळा मारून म्हणाली, "ही मन्ही माहेरनी शे." मी त्या दिवशी पोटभर जेवले. पण सारखी नजर त्या पोरीकडे जात होती, आणि तिकडे बघायचं नाही असं मनाला बजावत होते.

तीन-चार महिने रविवार चालूच राहिले. सून हौशी होती, अक्का खूश होती. ताटावर बसलं की ती सून मला वाढायची, आणि आमच्या दोघींच्या मध्ये ती एक न बोललेली गोष्ट बसलेली असायची. मला घास गोड लागत नव्हता, हे खरं.

मग गोळ्या सापडल्या. कपाट आवरताना. अक्काला वाचता येतं, पण गोळ्यांची नावं कुणाला कळतात? तिनं पाकीट घेतलं आणि बसस्टँडजवळच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगून टाकलं कशाच्या आहेत ते. घरी रामायण झालं. त्यात कळलं की मुलाला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. त्या पोरीनं त्याला सगळं सांगितलं होतं आणि तोच म्हणाला होता, आईला आत्ता नको सांगूस. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोर चांगली आहे, बास." म्हणजे सगळे एका बाजूला झाले आणि फसलेली कोण, तर एकटी अक्का. मुलावर किती दिवस रागावणार? सुनेवर रागावली तर मुलगा दुखावणार. राग कुठेतरी ठेवावा तर लागतोच.

ती दवाखान्यात आली तेव्हा बाकावर सात-आठ जण होते. तिनं आत येऊन दार स्वतःच लावलं. मी उठून उभी राहिले. "अक्का, बस," मी म्हटलं.

ती बसली नाही. "तुम्ही माझ्या घरात जेवलात," ती म्हणाली. "एवढी वर्षं जेवलात. आणि मला सांगितलं नाहीत."

तुम्ही. जेवलात. शाळेच्या पुस्तकातली मराठी, स्वच्छ, गुळगुळीत, 'शे' कुठे औषधालाही नाही. मला रागानं शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. आम्ही दोघी त्या गावात फक्त एकमेकींशी जी भाषा बोलायचो, ती तिनं माझ्यापासून काढून घेतली. मी चूक केली असती तर माफी तरी मागता आली असती. मी चूक केलेली नव्हती, आणि आजही मला तसंच वाटतं, त्याचंच तर जास्त दुखतं.

"तुमचं बरोबर असेल," ती जाताना म्हणाली. "पण माझं कुणी नव्हतं इथे. तुम्ही होतात."

माझंही नव्हतं. हे मला तिला सांगायचं होतं. पण बाहेर बाकावर लोक होते, आणि मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतरचे रविवार मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सकाळी कपडे धुवायची, दुपारी वर्तमानपत्र दोनदा वाचायची. हिवाळा आला, बाजारात ती मोठी हिरवी वांगी आली. एकदा हौस म्हणून एक आणलं, गॅसवर भाजलं, घरभर वास सुटला. पण एका वांग्याचं भरीत एका माणसाला जास्त होतं, आणि दोन दिवस तेच खाताना मला स्वतःचाच राग आला. अक्काची सून गोळ्यांसाठी यायची. पोर समजूतदार, घरचं काही काढायची नाही. जाताना एकदा दारात थांबून म्हणाली, "मॅडम, आई भरीत करतात तेव्हा अजून एक ताट जास्तीचं वाढतात. मग परत झाकून ठेवतात." मी म्हटलं, "औषध वेळेवर घे." ती गेल्यावर मी कितीतरी वेळ पुढचं नाव पुकारलं नाही.

बागेतली केळी कापून ट्रक भरायचे दिवस होते, गावात सगळीकडे गडबड, तेव्हा एका दुपारी अक्का आली. सोबत कोणी नाही. बाकावर तिनं इतरांसारखा नंबर लावला. तिचा नंबर येईपर्यंत मी आत काय केलं ते मला आठवत नाही, दोन-तीन पेशंट बघितले असतील.

ती आत आली, दार लावलं, आणि यावेळी खुर्चीवर बसली. वाळली होती.

"आंघोळ करताना हाताला गाठ लागते," ती म्हणाली. "इथे." आणि पदराखाली डाव्या बाजूला हात ठेवला.

"किती दिवसांपासून?"

"झाले बरेच."

"अक्का, जळगावला चांगल्या डॉक्टर आहेत बायकांसाठी. मी आत्ता फोन करते. मी तुला तपासणार नाही, तुला माहीत आहे माझं."

ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. दमलेल्या माणसासारखी.

"ते मैत्रीण होते तेव्हा," ती म्हणाली. "आता मी तुमची कोणी नाही ना? मग आता तपासा."

वर्षानुवर्षं जो नियम मी तिला चहाच्या कपावर ऐकवला होता, तो तिनं शब्दाशब्दानं लक्षात ठेवला होता. आता नाही म्हटलं तर ती उठून घरी जाणार आणि गाठ पदराखालीच राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि हो म्हटलं, तर ती म्हणते ते मी कबूल केल्यासारखं. एक तर मैत्रीण, नाहीतर पेशंट. माझंच वाक्य.

मी हात धुतले. पडदा ओढला. एवढ्या वर्षांत मी तिचा हात हातात घेतला होता, तिच्या पाठीवर थाप मारली होती, पण ही बाई आडवी, डोळे छताला लावलेली, मी कधी पाहिली नव्हती. गाठ कडक होती. हलत नव्हती. माझी बोटं थंड होती, आणि डोकं अजिबात थंड नव्हतं, मी म्हणायची ते खरंच होतं. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. हे एक मला चांगलं जमतं.

"सुई घालून तपासावी लागेल, फोटो काढावा लागेल," मी म्हटलं. "उद्याच जायचं. कुणाला बरोबर नेणार?"

"कुणाला नाही. घरात कुणाला सांगायचं नाही. सून दोन जिवांची आहे, पोरगा तिच्यात आहे, नानांना ब्लडप्रेशर. नक्की काय ते कळल्याशिवाय नाही." मग पदर सावरत म्हणाली, "तुम्ही सांगणार नाही ते मला माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे आले."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याला कुलूप लावलं. पेशंटबरोबर डॉक्टर जात नाहीत, मीही कधी गेले नव्हते. भुसावळच्या पुढे एसटीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. अक्कानं घरी सांगितलं होतं गुडघे दाखवायला जाते. खिडकीतून बागा मागे पडत होत्या, आणि ती मध्येच म्हणाली, "यंदा माल चांगला आहे." मी म्हटलं, "हो." एवढंच आम्ही बोललो.

जळगावच्या त्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होत्या, माझ्या निम्म्या वयाच्या. मी दिलेली चिठ्ठी त्यांनी वाचली, मला नमस्कार केला, खुर्ची दिली. मग अक्काला फोटो काढायला नेलं, आलेले फोटो बराच वेळ बघितले, आणि अक्काकडे वळल्या.

"आजी, या तुमच्या कोण?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "नातेवाईक नाहीत," ती म्हणाली. "आमच्या गावच्या डॉक्टर आहेत."

"मग मी तुमच्याशी आधी एकटीशी बोलू का? तुम्हाला चालणार असेल तर या थांबतील, नाहीतर बाहेर बसतील. तुम्ही म्हणाल तसं."

पोरगी बरोबर करत होती. अगदी बरोबर. माझ्या हाताखाली शिकलेली असती तर मी तिची पाठ थोपटली असती. अक्कानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "त्यांना बाहेर बसू द्या."

ते तिनं मला शिक्षा म्हणून म्हटलं, की माझ्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून, की खरंच ते फक्त तिचं होतं म्हणून, मला माहीत नाही. विचारायचा मला हक्क नाही. मी उठले. माझ्या मागे दार लागलं, हलकंसं, मी लावते तसंच.

बाहेर बाक होता. त्यावर डोक्याला रुमाल बांधलेला एक म्हातारा बसला होता, बाजूला डबा आणि गोधडी. मी त्याच्या शेजारी बसले. दाराकडे बघत बसले. आत काय चाललं असेल ते मला शब्दाशब्दानं माहीत होतं, असे शब्द मी किती जणींना सांगितले आहेत. आणि तरी मला काहीच माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर ती मला सांगेल याची खात्री नव्हती. त्या डॉक्टर पोरीला मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तर मीच तिला झापलं असतं. माझे हात मांडीवर होते आणि त्यांना करायला काही नव्हतं. इतक्या वर्षांत मी ज्यांना बाहेर बसवलं, त्या सगळ्यांचे हात असेच असणार, मी कधी बघितले नव्हते.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "तुमनं कोन शे मझार?"

आत तुमचं कोण आहे. अमळनेर-पारोळ्याकडचा असावा. कितीतरी महिन्यांनी कुणी माझ्याशी ती भाषा बोललं होतं. माझं नेहमीचं वाक्य जिभेवर आलं, मी माझ्या पेशंटचं काही सांगत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही.

"मन्हं मानूस शे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, गोधडी उचलून पलीकडे ठेवली आणि मला नीट बसायला जागा करून दिली.